लपवलेली पेटी, पुसलेला आकडा

वर्गात एकदा हा प्रश्न विचारून पहा : ‘आपली शाळा कोठे आहे?’

उत्तरे निरनिराळी येतील. कोणी म्हणेल, ‘मारुतीच्या देवळामागे.’ कोणी म्हणेल, ‘एस. टी. स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर.’ एखादी मुलगी गाव, तालुका, जिल्हा आणि पिनकोडसह पूर्ण पत्ता सांगेल. आणि घरातला फोन हाताळणारा एखादा मुलगा अक्षांश-रेखांशाचे आकडेच म्हणून दाखवील.

यांतले कोणतेच उत्तर चूक नाही. मात्र प्रत्येक उत्तराचा उपयोग वेगळ्या माणसाला आहे. पहिले उत्तर गावातल्याच माणसाला पुरते. दुसरे स्टँडवर उतरलेल्या पाहुण्याला पुरते. तिसरे टपाल खात्याला लागते. चौथे उत्तर मात्र गाव न पाहिलेल्या, आपली भाषाही न येणाऱ्या माणसाला थेट शाळेच्या फाटकाजवळ आणून सोडते. त्याला देऊळ ठाऊक असण्याची गरज नाही, की तालुका कोणता हे ठाऊक असण्याचीही नाही.

जागा सांगण्याच्या या पद्धती एकमेकींपासून वेगळ्या कशा, आणि एकीची चूक दुसरी कशी सांभाळून घेते, हे मुलांना खेळातून समजावे म्हणून आम्ही एक पेटी तयार केली. पेटीचा विषय टपालाचा, खेळ मात्र जिओकॅशिंगचा. या लेखात आधी खेळाची ओळख, मग त्यामागचे शास्त्र आणि शेवटी पेटीची कृती दिली आहे.

दलदलीतील बाटली

जिओकॅशिंग या शब्दातील ‘कॅश’ म्हणजे रोकड नव्हे. ‘लपवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेला हा शब्द आहे. रानावनात भटकणारे लोक परतीच्या वाटेसाठी शिधा किंवा सामान लपवून ठेवीत. त्या गुप्त साठ्याला हे नाव होते. ‘जिओ’ म्हणजे अर्थातच पृथ्वी. कोणीतरी एक डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, आणि दुसऱ्यांनी तो शोधून आतल्या वहीत नाव लिहायचे. डबा पुन्हा जसा होता तसा ठेवून द्यायचा. एवढाच हा खेळ.

आजच्या स्वरूपातला हा खेळ उपग्रहांमुळे शक्य झाला, पण त्याचे मूळ बरेच जुने आहे आणि ते टपालाशी जोडलेले आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचा उजाड, पाणथळ माळ आहे. त्याच्या उत्तर भागातील क्रॅनमिअर पूल ही जागा इतकी आडवाटेला की, वाटाड्याशिवाय तेथे पोचणे कठीण. १८५४ साली जेम्स पेरट या वाटाड्याने तेथे एक बाटली ठेवली. जो कोणी तेथवर पोचेल त्याने आपल्या नावाचे कार्ड त्या बाटलीत टाकावे, अशी कल्पना होती.

पुढे बाटलीच्या जागी पेटी आली आणि एक मजेदार प्रथा सुरू झाली. तेथे पोचणारा माणूस स्वतःचा पत्ता लिहिलेले पोस्टकार्ड पेटीत ठेवून येई. त्यानंतर येणारा माणूस ते कार्ड उचलून घेई आणि परतल्यावर टपालात टाकी. आपले कार्ड घरी आले म्हणजे समजावे की, आपल्यानंतर कोणीतरी त्या दलदलीपर्यंत पोचले. यावरूनच या छंदाला ‘लेटरबॉक्सिंग’ हे नाव पडले. पेटीचा पत्ता सांगायचा तो खाणाखुणांनी : अमक्या टेकडीकडे तोंड करून इतकी पावले चाला, वगैरे. म्हणजे आपल्या ‘देवळामागे’ या उत्तराचाच हा प्रकार. १९९८ साली ‘स्मिथसोनियन’ या मासिकात त्यावर लेख आला आणि हा छंद अमेरिकेतही पसरला.

मे २०००

अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांचा संदेश सामान्य माणसालाही घेता येत असे. पण लष्करी कारणासाठी त्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. त्यामुळे साध्या यंत्राने दाखवलेली जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शके. तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने ही मिसळलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकण्यात आली. एका रात्रीत लोकांच्या हातातील तीच यंत्रे दहा ते वीस मीटरांपर्यंत अचूक झाली.

दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर या संगणकतज्ज्ञाने या अचूकतेची परीक्षा घ्यायचे ठरवले. ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत त्यांनी एक काळी प्लास्टिकची बादली ठेवली. तीत वही, पेन्सिल आणि काही किरकोळ वस्तू होत्या. जागेचे आकडे त्यांनी संगणकजालावर जाहीर केले. काही दिवसांतच लोकांनी ती बादली शोधून काढली. त्याच महिन्याच्या अखेरीस या खेळाला जिओकॅशिंग हे नाव सुचवले गेले. आज जगभर असे तीस लाखांहून अधिक डबे लपवलेले आहेत.

शंभर मीटर आणि दहा मीटर यांत एवढा काय फरक, असे मुले विचारतील. फळ्यावर गणित करून दाखवावे. शंभर मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ३१,४०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पावणेआठ एकर भरते. तेवढ्या झाडीत बादली शोधणे म्हणजे दिवसभराचे काम. दहा मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ३१४ चौरस मीटर, म्हणजे व्हॉलीबॉलच्या साधारण दोन मैदानांएवढे. त्रिज्या दहापट कमी झाली की शोधायची जागा शंभरपट कमी होते. अशक्य वाटणारा खेळ एका रात्रीत शक्य झाला तो या वर्गाच्या नियमामुळे.

घड्याळाने मोजलेले अंतर

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह सतत सांगत असतो : ‘मी अमुक, माझी जागा ही, आणि आत्ता इतके वाजले आहेत.’ आपल्या हातातील यंत्र हा संदेश ऐकते आणि तो पोचायला किती वेळ लागला ते पाहते. रेडिओलहरींचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. डोक्यावरच्या उपग्रहाचा संदेश साधारण ०.०६७ सेकंदात पोचतो. वेळ आणि वेग ठाऊक झाले की अंतर मिळते.

तीन उपग्रहांपासूनची अंतरे ठाऊक असतील तर भूमितीप्रमाणे आपली जागा ठरायला हवी. मग चौथा उपग्रह कशाला लागतो? कारण घड्याळ. उपग्रहात अणुघड्याळ असते. आपल्या फोनमध्ये साधे घड्याळ. त्यात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरची चूक होते. तेव्हा अक्षांश, रेखांश व उंची या तीन अज्ञातांबरोबर ‘माझे घड्याळ किती चुकले आहे’ हे चौथे अज्ञात येते, आणि चार अज्ञातांना चार समीकरणे लागतात. चारांपेक्षा जास्त उपग्रह दिसत असले तर आणखी चांगले. तीच जागा निरनिराळ्या उपग्रहांकडून पुन्हा पुन्हा काढता येते आणि एखादा संदेश बिघडला असेल तर तो लक्षात येतो. एकच गोष्ट दोनदा कळणे ही उधळपट्टी नव्हे, तो पडताळा असतो. हा मुद्दा पिनकोडमध्ये पुन्हा भेटणार आहे.

मोकळ्या आकाशाखाली आजचा फोन सुमारे पाच मीटरांपर्यंत जागा दाखवतो. इमारतींच्या कडेला किंवा दाट झाडांखाली चूक वाढते, कारण लहरी भिंतीवर आपटून लांबच्या वाटेने येतात. मुलांना मैदानाच्या मध्यभागी आणि नंतर इमारतीच्या भिंतीलगत फोन धरून उभे करावे. माणूस स्थिर आणि आकडे मात्र हलत आहेत, हे ती स्वतः पाहतील. मोजलेल्या प्रत्येक संख्येबरोबर तिची अनिश्चितता येतेच, हे पुस्तकातील वाक्य मग वेगळे शिकवावे लागत नाही.

या आकड्यांचे मोलही सारखे नसते. अक्षांशात एक अंशाचा फरक म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, एका मिनिटाचा फरक म्हणजे १.८५ किलोमीटर, आणि मिनिटाच्या हजाराव्या भागाचा फरक म्हणजे दोन मीटरांहून थोडा कमी. शेवटचा आकडा चुकला तर आपण पेटीच्या आसपासच असतो. पहिला चुकला तर जिल्हाच बदलतो. नेहमी होणारी एक चूक येथे सांगून ठेवतो. १८ अंश ३१ मिनिटे म्हणजे १८.३१ अंश नव्हेत. मिनिटांना ६० ने भागावे लागते, उत्तर १८.५१६७ अंश येते. ही एक चूक शोधणाऱ्याला जवळजवळ २३ किलोमीटर दूर नेऊन सोडते.

सहा आकड्यांची उतरंड

आता टपालाकडे वळू. आपल्याकडे वडगाव किती, पिंपळगाव किती याची गणती नाही. त्यातच पत्ते निरनिराळ्या भाषांत आणि लिप्यांत लिहिलेले. पत्र छाटणाऱ्या कर्मचाऱ्याने मराठीतला, तमिळमधला आणि बंगालीतला पत्ता कसा वाचावा? यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ. ते केंद्रीय दळणवळण मंत्रालयात वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही होते. नाव कोणत्याही लिपीत असो, आकडे सर्वांना वाचता येतात, हे या योजनेचे मर्म.

पिनकोडमधील सहा आकडे म्हणजे एक उतरंड आहे. पहिला आकडा देशाचा विभाग दाखवतो. असे भौगोलिक विभाग आठ; नववा सैन्याच्या टपालासाठी. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा आकडा ४. दुसरा आकडा उपविभाग दाखवतो. पहिले तीन आकडे मिळून टपालाची छाटणी करणारा जिल्हा ठरतो, आणि शेवटचे तीन आकडे म्हणजे पत्र वाटणारे टपाल कार्यालय. प्रत्येक आकड्याबरोबर नकाशावरचा तुकडा लहान होत जातो. अक्षांशाच्या आकड्यांत आपण पाहिले तेच हे.

पण एक महत्त्वाचा फरक आहे. अक्षांश मोजून मिळतो. पिनकोड माणसांनी ठरवून दिलेला असतो, आणि तो ठरवताना पत्रांची ने-आण कशी सोयीची होईल हे पाहिलेले असते. म्हणून छाटणीचा जिल्हा आणि महसुली जिल्हा एकच असतील असे नाही. घाटावरचे सातारा ४१५००१ आणि समुद्रकाठची रत्नागिरी ४१५६१२ : पहिले तीन आकडे एकच! उलट एकाच नाशिक जिल्ह्यात नाशिक शहर ४२२ मध्ये आणि मालेगाव ४२३ मध्ये. ठाणे शहराचा पिन ४०० ने सुरू होतो, तर त्याच जिल्ह्यातील कल्याणचा ४२१ ने.

चूक झाली तर काय होते, हेही पहावे. पुण्याच्या ४११००१ मधील शेवटच्या १ ऐवजी २ लिहिला तर पत्र पुण्यातच राहते. थोडा उशीर होईल इतकेच. पण पहिल्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर पिन होतो १४११००१ नव्हे, १४१००१, आणि तो आहे पंजाबातील लुधियानाचा! पुस्तकांच्या मलपृष्ठावर जो तेरा आकडी क्रमांक असतो, त्यात शेवटचा आकडा केवळ चूक पकडण्यासाठी ठेवलेला असतो. पिनकोडमध्ये असा आकडा नाही. मग चूक पकडते कोण? पत्त्यातील गावाचे नाव. पत्त्यावर गाव आणि पिन अशी एकच गोष्ट दोनदा लिहिलेली असते. त्यामुळे एक पुसले गेले तरी दुसऱ्यावरून ते पुष्कळदा भरून काढता येते. चौथ्या-पाचव्या उपग्रहाचे काम येथे गावाचे नाव करते. आमच्या पेटीचे कोडे याच गोष्टीवर उभे आहे.

पेटीची कृती

जिओकॅशिंगमध्ये काही डबे असे असतात की, ते सापडले तरी उघडत नाहीत. आधी कोडे सोडवावे लागते. आमची पेटी त्या जातीची आहे.

साहित्य : सहा मिलिमीटर जाडीचे प्लायवूड, दोन बिजागऱ्या, कडी-कोयंडा, प्रवासी बॅगेला लावतात तसले तीन आकड्यांचे कुलूप, जाड कार्डशीट, लहान वही, पेन्सिल, एक रबरी शिक्का आणि शाईची गादी, प्लास्टिकच्या पिशव्या.

साधारण २५ सेंटिमीटर लांब, १८ रुंद आणि १२ उंच अशी पेटी करावी. मध्ये आडवी फळी घालून दोन कप्पे करावेत. वरचा कप्पा उघडा, खालच्या कप्प्याच्या दाराला कुलूप. पाणी आत जाऊ नये म्हणून वरचे झाकण चारी बाजूंनी दोन सेंटिमीटर बाहेर काढावे. रंग कोणताही द्यावा, लाल मात्र देऊ नये. आम्ही पहिली पेटी हौसेने लाल रंगवली आणि वाळायला शाळेच्या फाटकाजवळ ठेवली. संध्याकाळी पाहतो तो तिच्या फटीत कोणीतरी खरेखुरे पत्र टाकून गेले होते! ते आम्ही त्याच दिवशी टपालात टाकले आणि पेटी निळी केली.

वरच्या कप्प्यात सहा कार्डे ठेवायची. ती पोस्टकार्डाच्या आकाराची, म्हणजे १४ सेंटिमीटर लांब व ९ रुंद कापावीत. त्यांवर काल्पनिक नावे आणि पुढील पत्ते लिहावेत. तीन कार्डांवर पिनमधील एक आकडा काळ्या शाईच्या डागाने झाकावा. येथे तो चौकोनाने दाखवला आहे. त्या तीन कार्डांवर खोडरबर किंवा बटाटा कोरून तयार केलेला गोल ठसा उमटवावा आणि त्यात तारीख लिहावी.

पहिले कार्ड : पणजी, गोवा, ■०३००१. तारीख १५ जून.
दुसरे कार्ड : नाशिक, ४■२००१. तारीख ३ जून.
तिसरे कार्ड : रत्नागिरी, ४१■६१२. तारीख ९ जून.
चौथे कार्ड : मडगाव, गोवा, ४०३६०१.
पाचवे कार्ड : मालेगाव, जिल्हा नाशिक, ४२३२०३.
सहावे कार्ड : चिपळूण, जिल्हा रत्नागिरी, ४१५६०५.

शेवटच्या तीन कार्डांवर डाग नाही आणि ठसाही नाही. पेटीवर एकच सूचना लिहावी : ‘पावसात भिजलेली पत्रे वाचा. जे पत्र आधी टाकले, त्याचा आकडा आधी.’

आता मुले कसा विचार करतात ते पहावे. पणजी सोपी आहे : मडगावही गोव्यातच, म्हणून पुसलेला आकडा ४. नाशिकसाठी मालेगावच्या कार्डावरून दुसरा आकडा २. रत्नागिरीसाठी चिपळूणवरून तिसरा आकडा ५. तारखांचा क्रम लावला की नाशिक, रत्नागिरी, पणजी. कुलपाचा आकडा २५४.

पण येथेच थांबू नये. एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारील, आणि कोणी न विचारल्यास शिक्षकांनी विचारावे : ‘नाशिक आणि मालेगाव एकाच जिल्ह्यात असून त्यांचा तिसरा आकडा वेगळा आहे. मग रत्नागिरीचा तिसरा आकडा चिपळूणसारखाच असेल हे कशावरून?’ प्रश्न बरोबर आहे. एका जिल्ह्याचे पहिले तीन आकडे सारखे असतातच असे नाही. तेव्हा ५ हे सिद्ध झालेले उत्तर नव्हे. हाती असलेल्या पुराव्यावरून केलेला तो सर्वांत सयुक्तिक अंदाज आहे. त्याची परीक्षा कुलूप घेते. उघडले तर अंदाज टिकला, नाही उघडले तर पुन्हा विचार. विज्ञानात असेच चालते, हे सांगायला याहून चांगली संधी मिळणार नाही.

गणिताच्या तासालाही कुलूप उपयोगी पडते. काहीच ठाऊक नसेल तर तीन आकड्यांच्या १,००० जुळण्या कराव्या लागतील. एका जुळणीला तीन सेकंद धरले तर सगळ्या करायला ५० मिनिटे. म्हणजे चिकाटीचा मुलगा विचार न करताही पेटी उघडू शकतो! तिन्ही आकडे कळले पण क्रम कळला नाही, तर सहाच जुळण्या उरतात. क्रम कळला पण एक आकडा कळला नाही, तर दहा. प्रत्येक माहितीने शक्यता किती उरल्या हे मोजले की, ‘माहिती’ ही सुद्धा मोजता येणारी वस्तू आहे हे ध्यानात येते. मग मुलांना स्वतःची कार्डे तयार करायला सांगावे. एक अट घालून पहा : पिनचा शेवटचा आकडा पुसायचा. ती लवकरच तक्रार करतील की, शेजारच्या गावाच्या कार्डावरून तो काढताच येत नाही. बरोबर आहे; त्याला टपाल खात्याची यादीच पहावी लागते. उतरंडीच्या वरच्या पायऱ्या तर्काने भरता येतात, खालची पायरी मात्र ठाऊक असावी लागते.

लपवताना आणि शोधताना

पेटी शाळेच्या आवारातच ठेवावी आणि मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी. स्टँड, रेल्वे स्थानक, बाजार, देवस्थान अशा जागी बेवारस पेटी दिसली तर लोक घाबरतात आणि पोलिसांना बोलावतात. ते योग्यच आहे. पेटीवर ‘शाळेचा खेळ’ असे ठळक लिहावे, शाळेचे नाव घालावे. पेटी जमिनीत पुरू नये, झाडाला खिळा ठोकू नये. दगडांच्या फटीत किंवा बिळाजवळ ठेवू नये. विंचू-सापाचा धोका असतो, आणि दिसत नाही तेथे हात घालायचा नाही हा नियम मुलांना आधी सांगावा. आत खाऊ ठेवला तर मुंग्या आणि उंदीर मुलांच्या आधी पोचतात. वहीत लिहायला पेन्सिलच ठेवावी. दमट हवेत शाई पसरते, शिसे टिकते.

जागेचे आकडे एकदाच घेऊन चालत नाही. निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या वेळी पाच-सहा वेळा नोंद करावी आणि सरासरी काढावी. आकडे आणि त्यांची अनिश्चितता दोन्ही मुलांना द्यावी : ‘या जागेपासून पाच मीटरांच्या आत.’ तेवढ्या अंतरात आले की फोन खिशात ठेवायचा आणि डोळे वापरायचे. नवखी मुले फोनवरचा बाण पाहत त्याच जागी गोल गोल फिरतात. सरावलेली मुले मान वर करतात आणि स्वतःला विचारतात, ‘मला पेटी ठेवायची असती तर येथे कोठे ठेवली असती?’

शेवटचे काही मीटर

पत्ता आणि मोजलेली जागा यांना जोडण्याचा प्रयत्न टपाल खात्यानेही केला आहे. २०२५ साली खात्याने ‘डिजिपिन’ ही योजना आणली. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र यांच्या साह्याने ती तयार झाली. भारताला सामावणारा, प्रत्येक बाजू ३६ अंशांची असा एक मोठा चौकोन कल्पून त्याचे सोळा भाग करायचे आणि प्रत्येक भागाला एक अक्षर किंवा आकडा द्यायचा. मग त्या भागाचे पुन्हा सोळा भाग. असे दहा वेळा केले की दहा चिन्हांचा संकेत तयार होतो. प्रत्येक वेळी बाजू चौपट लहान होते; दहा वेळा चौपट म्हणजे सुमारे साडेदहा लाख पट. ३६ अंश म्हणजे साधारण चार हजार किलोमीटर. भागाकार केला की बाजू येते चार मीटरांच्या आत. ही उतरंड पिनसारखीच आहे, पण ती टपालाच्या सोयीने नव्हे, तर शुद्ध भूमितीने उतरते.

डिजिपिनमुळे पत्ता आणि पिनकोड रद्द झाले नाहीत, आणि त्याला कारणही आहे. चार मीटरांच्या चौकोनाला उंची नसते. तळमजल्यावरचे घर आणि त्याच्याच वर चौथ्या मजल्यावरचे घर यांचा डिजिपिन एकच. शिवाय ज्याला पत्र द्यायचे तो माणूस दुपारी दुकानात असतो, हे कोणताही उपग्रह सांगत नाही. ते पोस्टमनला ठाऊक असते. उपग्रह शोधणाऱ्याला झाडापाशी आणतो आणि पिनकोड पत्राला टपाल कार्यालयापाशी आणतो. तेथून पुढचे काही मीटर माणसानेच जायचे असतात.

म्हणून आमच्या पेटीच्या खालच्या कप्प्यात वही आणि शिक्क्याबरोबर आणखी एक वस्तू असते. शोधणाऱ्या प्रत्येक गटाने आपल्या शाळेचा पत्ता लिहिलेले एक खरे पोस्टकार्ड तेथे ठेवायचे आणि आधीच्या गटाचे कार्ड उचलून जवळच्या टपालपेटीत टाकायचे. डार्टमूरची जुनी प्रथा आम्ही अशी उचलली आहे. कार्डावर मुलांनी टाकल्याची तारीख लिहावी. ते परत आले की टपालाच्या शिक्क्यावरची तारीख, शाळेत पोचल्याची तारीख आणि पिनकोड बरोबर होता की नाही, याची नोंद वर्गातल्या तक्त्यावर करावी. एखाद्या गटाने जाणूनबुजून पिन न लिहिता कार्ड टाकावे, दुसऱ्याने पिन लिहावा पण गावाचे नाव गाळावे. दोन्ही कार्डे पोचतात का आणि किती दिवसांनी, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. ते तुमच्या तक्त्यावरच वाचायला मिळेल.